कटिपीडेनंतर भार-व्यायामाचा पुनरारंभ : संसर्जन क्रमाच्या दृष्टीने विचार

प्रस्तावना

कुही परिसरात आमच्याकडे कटिशूलाचे जे रुग्ण येतात, त्यांत दोन वर्ग ठळक आहेत. एक, मिरचीच्या सातऱ्यांवर पोती वाहणाऱ्यांचा. दुसरा, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचा. भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांस ७.२६० किलोचा गोळा फेकावा लागतो. त्यासाठी बळ वाढवावे म्हणून हे तरुण व्यायामशाळेत वजन उचलू लागतात आणि एखाद्या दिवशी वाकताना कंबरेत चमक भरते. चिकित्सेने शूल शमला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, आता वजन उचलू का?" आपण घाईने "उचल" म्हणतो किंवा "जन्मभर उचलू नको" म्हणतो. दोन्ही उत्तरे सदोष आहेत.

शूलशमन म्हणजे बलप्राप्ती नव्हे

काही वर्षांपूर्वी अशाच एका तरुणास आम्ही कटिबस्ती व औषधी दिली. आठ-दहा दिवसांत वेदना थांबली, म्हणून आम्ही व्यायामास अनुमती दिली. किती भाराने आरंभ करावा हे मात्र सांगितले नाही. त्याने पूर्वीचाच भार उचलला. या खेपेस वेदना पायात उतरली आणि त्या वर्षीची भरती त्याच्या हातून गेली. दोष रुग्णाचा नव्हता, अपुऱ्या उपदेशाचा होता.

स्नेहन-स्वेदनाने स्तंभ व शूल कमी होतो. पण मणक्यांमधील चकतीला रक्तपुरवठा अत्यल्प असल्याने तिची झीज सावकाश भरते आणि विश्रांतीने पाठीचे स्नायूही दुबळे होतात. शोधनानंतर अग्नी मंद असता आपण पूर्ण भोजन देत नाही. पेया, विलेपी असा क्रम पाळतो. भाराचाही असाच संसर्जन क्रम असावा, असे आमचे मत आहे.

पुनरारंभापूर्वी परीक्षण

पुढील चार गोष्टी साध्य झाल्याशिवाय आम्ही भार देत नाही :
१) पायात उतरणारी वेदना, बधिरता वा दुर्बलता नसणे.
२) उताणे निजवून सरळ पाय उचलला असता पायात कळ न जाणे.
३) अर्धा तास सपाट चाल वेदनेविना होणे.
४) वेदनाशामक गोळीविना दैनंदिन कामे होणे.

मूत्र-पुरीषाचा अवरोध वा अनियंत्रण, गुदभागाची बधिरता, पायांची वाढती दुर्बलता यांपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णास नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. ज्वर, अकारण वजन घटणे वा पडल्यानंतर उद्भवलेला तीव्र शूल असल्यासही आधी निदान, मग चिकित्सा.

भाराचा क्रम

प्रथम चालणे आणि पोट-पाठीच्या स्नायूंचे साधे व्यायाम. नंतर हाती केवळ काठी घेऊन, पाठ न वाकवता, कटिसंधीतून झुकण्याचा अभ्यास. ते साधल्यावर हलका भार. व्यायामशाळेतील मोठी दांडीच २० किलोची असते, म्हणून आरंभ त्याहून कमी भाराने करावा. सप्ताहात दोन-तीन दिवसच व्यायाम, मध्ये एक दिवस विश्रांती. भारवृद्धी दर सप्ताहास साधारण दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावी.

निर्णय उपशय-अनुपशयाने करावा. व्यायामानंतर कंबर किंचित दुखून दुसऱ्या सकाळी पूर्ववत झाली, तर तोच भार ठेवावा. सकाळीही वेदना राहिली, तर एक पायरी मागे यावे. वेदना पायात उतरली, तर व्यायाम थांबवून पुन्हा परीक्षण करावे.

सुश्रुत व वाग्भट यांनी सांगितलेली अर्धशक्तीची मर्यादा येथे अत्यंत उपयुक्त आहे. श्वास तोंडाने घ्यावा लागला, ललाटावर व काखेत घाम आला की थांबावे. शीतकाल व वसंत सोडून इतर ऋतूंत मात्रा आणखी अल्प असावी. विदर्भातील उन्हाळ्यात तर हे विशेष पाळावे.

क्रीडाक्षेत्रातील उदाहरण

भारोत्तोलक मीराबाई चानू यांनी एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत एकूण १९६ किलो उचलून सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर पाठीच्या दुखापतीमुळे त्यांना त्याच वर्षीच्या जकार्ता आशियाई स्पर्धेस मुकावे लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये थायलंडमधील स्पर्धेत त्या परतल्या, तेव्हा एकूण भार १९२ किलो, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच होता. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. खाली उतरून पुन्हा चढणे यात कमीपणा नाही, हे रुग्णास या उदाहरणाने सहज पटते.

औषधी विक्रेत्यांस विनंती

व्यायामापूर्वी घेण्यासाठी वेदनाशामक मागणारा तरुण दुकानी आल्यास त्यास गोळी न देता वैद्याकडे पाठवावे. वेदना झाकून उचललेला भार हा अतिव्यायामच होय. महायोगराज गुग्गुळासारखे भस्मयुक्त कल्प वैद्याच्या लेखी सल्ल्याविना देऊ नयेत. कंबरपट्टा विकताना तो स्नायूंच्या बळाचा पर्याय नाही, एवढे तरी आवर्जून सांगावे.

उपसंहार

औषधी लिहून देताना आपण मात्रा, काल व अनुपान लिहितो. कटिपीडेतून उठलेल्या रुग्णास त्याच चिठ्ठीवर भाराची मात्रा व तिचा वृद्धिक्रमही लिहून द्यावा. आम्ही तसे करू लागलो आहोत. वैद्यबंधूंनीही अनुभव घ्यावा.