भाज्याच्या लेण्यात ‘जर-तर’

पालकहो, ‘इफ आय वुड हॅव स्टडीड’ असं लिहिलं की वहीवर लाल फुली येते. रागावण्याआधी तेच वाक्य लेकराकडून मराठीत ऐका. ‘मी अभ्यास केला असता, तर पास झालो असतो.’ ‘असता’ इथेही, ‘असतो’ तिथेही. मराठीत दोन्ही बाजूंना एकच रूप चालतं, म्हणून पोर इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावतं. हा हलगर्जीपणा नव्हे, मराठी पक्की असल्याची खूण आहे. इंग्रजीला ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ लागतं आणि ‘वुड हॅव’ परिणामाच्या बाजूला: ‘इफ आय हॅड स्टडीड, आय वुड हॅव पास्ड.’

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या आईवडिलांना वाटतं, हे आपल्याला कुठलं जमणार? पण इथे तुमचं मराठीच कामाला येतं.

एखाद्या रविवारी मुलांना मळवलीहून भाज्याच्या लेण्यांवर न्या. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं तिथलं चैत्यगृह बघा. छताच्या लाकडी फासळ्या अजून आहेत, पण दर्शनी भागाचं लाकूडकाम गेलं. ते बसवण्याच्या खाचा तेवढ्या खडकात उरल्या आहेत. तिथेच विचारा: हा दर्शनी भाग दगडात कोरला असता तर? मूल म्हणेल, ‘तर टिकला असता.’ इंग्रजीत ‘वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड’. मग म्हणेल, ‘तर आज आपल्याला दिसला असता.’ मराठीत पुन्हा ‘असता’च, पण इंग्रजी इथे वळण घेतं. परिणाम आजचा आहे, म्हणून नुसतं ‘वुड सी’. हुशार मुलंही इथे अडखळतात. त्यांना काळांची नावं पाठ करायला लावू नका, ‘हे कधीचं?’ एवढंच विचारा. आणि ‘उतरताना पाऊस आला तर?’ हे अजून घडू शकतं, म्हणून साधं ‘इफ इट रेन्स’.

आणखी एक, अगदी मनातलं. घरात ही वाक्यरचना मुलांच्या कानावर पडते ती बहुतेकदा बोलणी खाताना: ‘वेळेवर अभ्यास केला असतास तर ही वेळ आली नसती.’ ज्या वाक्यानं पोर खाली मान घालतं, ते शिकायला त्याचं मन कसं घेईल? त्याला लेण्याचं, पावसाचं, चुकलेल्या लोकलचं ‘जर-तर’ द्या. निकालाच्या दिवशी तरी ‘असतास तर’ तोंडातून काढू नका.