अनोळखी शब्दाची चौकशी

तालुक्याच्या गावात कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. माझ्या पिढीची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. त्यामुळे अडलेल्या शब्दाशी झटापट करणं मला नवं नाही. विद्यार्थी विचारतात, "सर, प्रत्येक शब्दाला डिक्शनरी काढत बसलो तर धडा संपायचा कधी?" त्यांना जे सांगत आलो, ते इथे मांडतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. संदर्भ क्वचितच शब्दाचा अर्थ थेट हातात देतो. तो नको असलेले अर्थ एकेक करून बाद करतो. उरलेल्यांतून निवड आपण करायची.

१. मजकूर झेपणारा निवडा

स्पर्धा परीक्षेची तयारी म्हणून मुलं थेट इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख उघडतात आणि तिसऱ्या ओळीत दमतात. मार्सेला हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी २००० साली मांडलं, की मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नासात एखादाच परका. स्थळाची चौकशी आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करतो. पण शेजारच परका असेल तर विचारायचं कुणाला?

म्हणून सुरुवात माहितीच्या विषयापासून करावी. लासलगावच्या कांदा लिलावाची बातमी घ्या. तीत 'ग्लट' शब्द आला आणि पुढच्याच वाक्यात भाव कोसळल्याचं लिहिलं असेल, तर कांदा पिकवणाऱ्याच्या मुलाला 'ग्लट' म्हणजे गरजेपेक्षा जास्त माल, हे कुणी सांगावं लागत नाही.

२. शब्द वाक्यात काय काम करतो ते पाहा

'पोलीस क्विझ ॲक्टर' असा मथळा असला की वर्गातल्या निम्म्या मुलांना प्रश्नमंजुषा आठवते. मी विचारतो, इथे क्रियापद कोणतं? पोलीस कर्ता, ॲक्टर कर्म, म्हणजे मधला 'क्विझ' क्रियापद. आता पोलीस एखाद्याला काय काय करू शकतात? अटक, चौकशी, सुटका. खाली बातमीत नट चार तासांनी घरी परतला असं असेल, तर अटक बाद. त्याला आधी पकडलंच नव्हतं, तर सुटकाही बाद. उरली चौकशी.

'सँक्शन'चंही तसंच. सरकारने पूल 'सँक्शन' केला तर मंजुरी; एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादल्या तर निर्बंध. दोन अर्थ एकमेकांच्या उलट, पण पहिल्या ठिकाणी तो क्रियापद आहे, दुसऱ्या ठिकाणी अनेकवचनी नाम, आणि त्याच्या पाठोपाठ बहुधा 'ऑन' येतो. व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटतो खरा, पण तो कामाला येतो तो इथे.

३. छोट्या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका

बट, ऑल्दो, अनलाइक, डिस्पाइट, सच ॲज. हे सगळ्यांना येतात, म्हणून त्यांच्यावरून नजर घसरते. 'अनलाइक हिज गॅर्युलस ब्रदर, ही हार्डली स्पोक' हे वाक्य मी फळ्यावर लिहितो. हा फारसा बोलला नाही, आणि भाऊ याच्या उलट. म्हणजे 'गॅर्युलस' बोलण्याशी संबंधित आहे, आणि जास्त बोलण्याशी. एवढं काम एकट्या 'अनलाइक'ने केलं.

पण भाऊ छान बोलणारा, की उगाच बडबड्या? ते या वाक्यातून कळत नाही, आणि कळलं असं समजूही नये. अर्धा अर्थ मनात अर्धाच ठेवावा. पुढे कुठेतरी 'गॅर्युलस' शेजाऱ्याला टाळून कुणी मागच्या दाराने निघून गेलेलं वाचलं, की उरलेला अर्थ आपोआप भरतो.

४. शब्दाची फोड शेवटी करा

आधीच फोड करत बसणं ही हुशार मुलांची आवडती चूक. 'इन' म्हणजे नाही, तर 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं. पण हा शब्द पेट्रोलच्या टँकरवर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. तो कुठे लिहिलाय एवढं पाहिलं तरी फोड खोटी ठरते. अमेरिकेत आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांनी १९२०च्या दशकात याच गोंधळापायी 'फ्लेमेबल' या रूपाचा आग्रह धरला.

इस्रायलच्या बातिया लाउफर यांनी अशा फसव्या शब्दांचा अभ्यास केला. त्यांनी नोंदवलेल्या उदाहरणांत 'शॉर्टकमिंग्ज' म्हणजे छोट्या भेटी, असा अर्थ लावणारे विद्यार्थी आहेत; प्रत्यक्षात तो उणिवांसाठीचा शब्द. फोड करायला हरकत नाही. मात्र आधी वाक्यावरून अंदाज बांधावा, आणि फोड त्याला दुजोरा देते का एवढंच पाहावं.

५. ओळखीच्या शब्दाला जास्त जपा

अनोळखी शब्दापाशी आपण निदान थबकतो. ओळखीचा शब्द तशी संधीच देत नाही. आपण 'हॉटेला'त मिसळ खातो. इंग्रजी बातमीतल्या 'हॉटेला'त पाहुणे रात्री मुक्कामाला असतात. संसदेत विधेयक 'टेबल' झालं म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ते मांडलं गेलं. अमेरिकेत तेच क्रियापद प्रस्ताव बाजूला ठेवण्यासाठी वापरतात.

सर्वांत जास्त सांभाळावं ते कायद्याच्या कागदात. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, करारातला मोबदला. 'सेव्ह ॲज अदरवाइज प्रोव्हाइडेड' यातल्या 'सेव्ह'चा वाचवण्याशी संबंध नाही. तो 'खेरीज' या अर्थाने आलेला असतो. ओळखीचा अर्थ घेऊन वाक्य अडखळलं, की दोष वाक्याला न देता त्या शब्दावर संशय घ्यावा.

६. बांधलेला अंदाज वाक्यात परत बसवा

क्लार्क हे अभ्यासक आणि वर उल्लेख आलेले नेशन यांनी १९८० साली अंदाज बांधण्याची जी पद्धत मांडली, तिची शेवटची पायरी हीच: सुचलेला अर्थ मूळ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचा. मी मुलांना नुसतं तेच वाक्य नव्हे, तर पुढची दोन-तीन वाक्यंही वाचायला लावतो. चुकीचा अंदाज पुष्कळदा त्या वाक्यात चपखल बसतो आणि पुढच्या परिच्छेदात उघडा पडतो.

७. किती कळलं म्हणजे पुरे, ते ठरवा

कादंबरीत वाटेच्या कडेला 'एल्म' आणि 'हॉथॉर्न' उभे असतील तर 'झाडं आहेत' एवढं पुरे. त्यांच्यासाठी वाचन थांबवू नये. पण औषधाच्या डबीतल्या कागदावर 'काँट्राइंडिकेटेड' लिहिलं असेल, कर्जाच्या करारावर सही करायची असेल, तर अंदाज कितीही पटला तरी तिथे थांबा. कोश उघडा, डॉक्टरांना विचारा, वकिलाला विचारा. अंदाज चुकला तर नुकसान किती, हा प्रश्न आधी.

८. एका भेटीत ओळख होत नाही

अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर १९८०च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात, वाचताना भेटलेल्या नव्या शब्दांपैकी साधारण विसातला एकच मुलांना आपसूक कळल्याचं दिसलं. आपल्याकडे 'डिक्लेअर', 'फॉलोऑन', 'डक' हे क्रिकेटमधले शब्द पोरांना कोशाशिवाय येतात, कारण दर मोसमात ते पुन्हा पुन्हा कानांवर पडतात. वहीत नुसता शब्द आणि अर्थ लिहू नका. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य लिहा. पुन्हा भेटला की दुसरं वाक्य त्याखाली.

९. कोश उघडा, पण अंदाज बांधून झाल्यावर

कोशाला विरोध करणारा मी नाही. माझ्या टेबलावर तो कायम असतो. पण १९८९च्या ऑक्सफर्ड कोशात 'सेट' या तीन अक्षरी शब्दाचे ४३०च्या आसपास अर्थ दिले आहेत. वाक्य न वाचता कोशाकडे धावलेल्याने त्यांतला कोणता उचलावा? त्याला वाक्याकडे परत यावंच लागतं. आधी अंदाज बांधलेला असला, की कोशातल्या त्या लांबलचक यादीत आपला अर्थ शोधायला क्षणही लागत नाही.