कट्यारीवर साल कोरून घ्या

सांगलीच्या मामांना शोभेची कट्यार हवी होती. साताऱ्याजवळच्या एका लोहाराकडून मी ती घडवून घेतली. ट्रकचा जुना कमानपाटा भट्टीत लाल करून त्याने पाते ठोकले, मधली शीर उठवली, चिलखत भेदणाऱ्या जुन्या कट्यारींसारखे टोक जाड ठेवले आणि दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडवी मूठ बसवली. धार दिली नाही. काम फार देखणे झाले, पण त्यावर ना घडवणाऱ्याचे नाव होते, ना साल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी मामांच्या घरात शिरले. गाळातून निघालेली कट्यार गंजाने पार खाल्ली होती. पुढे जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ती पाहिली आणि ‘शिवकालीन’ ठरवून टाकली. घरातली पोरेही तेच सांगू लागली. भट्टीपाशी मी स्वतः उभा होतो म्हणून खरे काय ते सांगता आले. पुढच्या पिढीत कोण सांगणार होते?

वस्तूसोबतच्या लेखाची किंमत सातारकरांना नव्याने सांगायला नको. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये इथे आलेल्या वाघनखांची सारी कहाणी पेटीवरच्या मजकुरावर उभी आहे. ती शिवरायांची असून साताऱ्याचा रेसिडेंट, स्कॉटलंडचा जेम्स ग्रँट डफ याला मिळाली, असे तो मजकूर सांगतो. अफजलखानाच्या वेळची वाघनखे हीच, याची खातरजमा झालेली नाही, हेही ते संग्रहालय स्पष्ट नोंदवते. या प्रामाणिकपणाचा मला मनापासून आदर वाटतो.

म्हणून प्रतिकृती करून घ्याल तेव्हा लोहाराचे नाव, गाव आणि साल मुठीलगत पात्यावरच कोरून घ्या. कागद पुरात टिकत नाही. कुणी जुनी म्हणून विकत असेल, तर गंजावर भुलू नका. मुठीच्या आतल्या सांध्यात ग्राइंडरच्या रेघा किंवा वेल्डिंग दिसते का ते बघा. शंभर वर्षांहून जुन्या शस्त्राला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो, ते परदेशी पाठवता येत नाही. विक्रेत्याकडे परवाना मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

शोभेच्या पात्याला धार लावू नका आणि ते मिरवणुकीत नेऊ नका. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात शस्त्रे बाळगून फिरण्यास मनाई करणारे आदेश निघतात, त्यांची आधी चौकशी करा.