फरशी पायांनी निवड

चि. सोनूस,


ताईचा फोन आला. तुमच्या बाथरूमचं काम दसऱ्यानंतर निघतंय आणि तू जमिनीपासून छतापर्यंत पांढराशुभ्र, चकचकीत इटालियन मार्बल नक्की केला आहेस, असं ती सांगत होती. नळ भिंतीत लपवलेले, मधे काच. फळी नाही, हात धरायला काही नाही. जावईबापूंना मात्र नक्षीच्या रंगीत फरशा, सोनेरी नळ आणि बेसिनमागे फुलाफुलांचा वॉलपेपर हवा आहे, आणि मिनिमलिस्ट की मॅक्सिमलिस्ट यावरून तुमचा अबोला चालला आहे म्हणे. आजी दिवाळीनंतर तुमच्याकडे राहायला येणार, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे. मग एवढ्या वादात तिचा ओला पाय त्या फरशीवर कसा टेकेल, हे एकदाही का निघालं नाही? रागावून विचारते आहे, कारण मला खरोखर भीती वाटली.

तुम्ही ज्या फोटोंवरून भांडताय, ती बहुतेक कोरडी बाथरूम आहेत. तिथे पाणी टबात किंवा काचेच्या कोपऱ्यातच पडतं, बाकीची जमीन सुकी राहते. आपल्याकडे बादली-तांब्याची अंघोळ असते. आजी स्टुलावर बसून, अंगाला तेल लावून न्हाते. साबण, तेल आणि पाणी दारापर्यंत पोचतं. त्यामुळे आधी पाण्याचा विचार आणि मग शैलीचा, हा क्रम आपल्याला बदलता येत नाही. आणि घसरून पडणं किरकोळ नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार जगभरातल्या अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यात सर्वाधिक बळी साठीपुढच्यांचे असतात. दुकानदार ‘मॅट आहे, घसरणार नाही’ म्हणेल. मॅट म्हणजे फक्त चमक कमी. पकड वेगळी मोजतात. फरशीचं आर रेटिंग विचार. आर ९ म्हणजे कोरड्या खोलीपुरतं. तुला आर १० किंवा आर ११ हवं. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारीही असते, त्यात निदान बी. हे कागदावर लिहून दिल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नकोस.

आता गंमत बघ, इथे जावईबापूंची बाजू वर येते. त्यांची रंगीत नक्षी २५ मिलिमीटरच्या मोझेकमध्ये केली, तर एका चौरस मीटरला सुमारे ८० मीटर सांधे येतात, आणि ६०० मिलिमीटरच्या साध्या फरशीत जेमतेम ३.३ मीटर. जमिनीवर हे सांधेच पायाला धरून ठेवतात, शिवाय लहान तुकड्यांनी नहाणी ट्रॅपकडे उतार सहज काढता येतो. मोठ्या फरशीला त्यासाठी तिरके काप द्यावे लागतात. पण तेच मोझेक शॉवरच्या भिंतीवर लावलं, तर ८० मीटर सांध्यांमध्ये साबणाचा थर साचणार आणि तो घासणार तू. म्हणून ओल्या भिंतीवर तुझी मोठी, साधी फरशी योग्य, आणि पायाखाली त्यांची बारीक. सांधे मात्र इपॉक्सीने भरून घ्या. नक्षीच्या सिमेंट फरशा मुंबईच्या भारत फ्लोअरिंग्जने १९२२ पासून केल्या आहेत आणि मला त्या मनापासून आवडतात. पण सिमेंट पाणी शोषतं आणि ॲसिडने खराब होतं. त्या बेसिनजवळच्या कोरड्या भागात शोभतील.

मार्बलबद्दल मात्र मी ठाम आहे. तुमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं जड पाणी येतं. त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग काचेवर आणि नळांवर बसणारच, आणि ते काढायला आम्ल लागतं, मग ते व्हिनेगर असो की टॉयलेट क्लीनर. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की त्याची झिलई जाते. डाग घालवणारं औषधच दगडाला मारक, अशी ही जोडी आहे. लपवलेल्या नळांना माझा विरोध नाही, पण आतला जोड गळला की भिंत फोडावी लागते, आणि पुढच्या खेपेची फरशी रंगाला जुळेलच असं नसतं. एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेव.

तू म्हणशील, हॉटेलांत तर असंच असतं. तिथे रोज पुसायला माणसं असतात आणि पाहुणा दोन रात्रींत निघून जातो. तू म्हणशील, हँडल लावलं की हॉस्पिटल वाटतं. टॉवेलच्या दांडीसारखी दिसणारी हँडल मिळतात. पक्क्या विटांच्या भिंतीत, कमोडजवळ एक आणि अंघोळीच्या जागी एक बसव. मोकळेपणा जाईल म्हणशील, तर बादली, तांब्या, ब्रश, फिनेल कुठे जाणार याचा हिशेब आधी हवा. बंद कपाट नसेल तर चौथ्या दिवशी तो मोकळेपणा उरणार नाही. आणि साधेपणा म्हणजे रंग-रेषा नाहीत, असं कुठे आहे? अलंकरणाच्या विरोधात सगळ्यांत कडक लिहिणाऱ्या आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने व्हिएन्नातल्या आपल्या १९११ च्या इमारतीला दर्शनी बाजूला हिरवा, ठसठशीत शिरांचा संगमरवर लावला होता. तुम्हा दोघांत दिसतं तेवढं अंतर नाही.

फार बोलले का? तुझ्या वयात मला गर्द निळ्या भिंतींची हौस होती. भाड्याच्या घरांमध्ये ती राहूनच गेली, त्याची हळहळ अजून वाटते. तुझी हौस राहू नये. भिंत पांढरी कर नाहीतर मोरपंखी, त्यात मी एक शब्द बोलणार नाही. फक्त जमीन आणि ती दोन हँडल, माझ्यासाठी एवढं मान. आजीला हे पत्र दाखवू नकोस, आपल्यामुळे तुमचं काम अडलं असं तिला वाटेल. स्टूल तिचं नेहमीचंच आण, त्याची उंची तिच्या गुडघ्यांना सोसते. आणि अबोला सोड ग. नमुने आणायला जाशील तेव्हा जावईबापूंना बरोबर ने, दोघांनी चपला काढून, फरशीवर पाणी ओतून उभं राहून बघा. जेवत जा वेळेवर. ताई म्हणाली, बारीक झाली आहेस.

तुझी,
मावशी