गंजाने गंज रोखणारे पोलाद

लोखंडाच्या व्यापाऱ्यास गंज म्हणजे मालाची घट, हे सांगावयास नको. तथापि एका जातीच्या पोलादाचे रक्षण त्याचा गंजच करीत असतो. अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने हे पोलाद १९३३ साली ‘कॉर-टेन’ या नावाने बाजारात आणले. प्रारंभी त्याच्या कोळशाच्या वाघिणी बनल्या. पुढे आपल्या रेल्वेनेही वाघिणी व डबे यांसाठी या जातीचे पोलाद स्वीकारले.

यात तांबे, क्रोमियम, निकेल, स्फुरद यांचा अल्प अंश असतो. साध्या लोखंडाचा गंज सच्छिद्र असून पापुद्र्यांनी सुटतो व खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. या पोलादावरील गंज मात्र काही वर्षांत दाट होऊन अंगास बिलगतो. परंतु त्यासाठी पृष्ठभागाची पूर्वतयारी व ओल-सुकीचा फेरा, दोन्ही आवश्यक आहेत.

तापलेला पत्रा लाटताना त्यावर निळसर-काळी खपली धरते. ती तशीच ठेवल्यास कोठे सुटते, कोठे टिकते, आणि गंज डागाडागांनी चढतो. म्हणून वाळूचा किंवा पोलादी छऱ्यांचा मारा करून ती समूळ काढावी. तेलाचे डाग व रंगाच्या खुणा पुसाव्यात. आम्लाने साफ केल्यास त्याचा अंशही उरू देऊ नये. नंतर स्वच्छ पाण्याने भिजवून सुकू देण्याचा क्रम अनेकवार केल्यास रंग एकसारखा येतो. त्वरेसाठी मिठाचे पाणी शिंपडणे अनिष्ट होय. तांबूसपणा लवकर दिसतो, पण क्षार थरास दाट होऊ देत नाही.

हवेचा प्रभावही मोठा. मोलीन येथील जॉन डीअर कंपनीची या पोलादाची कचेरी १९६४ पासून उभी आहे. उलट, अटलांटा येथे १९७२ साली उघडलेल्या ‘ऑम्नी’ क्रीडागृहाचा गंज तेथील दमट हवेत थांबला नाही. १९९७ साली ते पाडण्यात आले.

यास्तव गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात हे पोलाद उघडे वापरू नये. साफ करून रंग द्यावा. वखारीतही पत्रे एकावर एक चिकटवून न रचता मध्ये लाकडी पट्ट्या घालून तिरके ठेवावेत, म्हणजे पाणी साचणार नाही. माल कोठे लागणार, हे गिऱ्हाइकास आधी विचारणे हे सचोटीच्या व्यापाराचे अंगच होय.