मिलिंदाचे प्रश्न आणि आपलं विद्यापीठ

सोयगाव,
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. मुक्ता,


कपाशीची पहिली वेचणी चालू आहे, म्हणून उत्तराला आठवडा लागला. हायडेलबर्गच्या मेळाव्यात तू आपल्या विद्यापीठाचं टेबल मांडणार, हे तुझ्या आईने अख्ख्या गल्लीत सांगितलंय. तिकडच्या पोरांनी एखादं सत्र संभाजीनगरला शिकायला यावं म्हणून तू केलेलं पत्रक दोनदा वाचलं. त्यातले 'स्वस्त', 'निसर्गरम्य' आणि 'जागतिक दर्जाचं' हे तिन्ही शब्द आधी काढ.

युरोपबाहेरची म्हणून तुला दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात आणि शेजारच्या जर्मन मुलीला ती फी नाही, हे तूच लिहिलंस. मग तिला 'आमच्याकडे स्वस्त' सांगून काय मिळणार? ती पैसे वाचवायला येणार नाही. तिला तिकडे जे मिळत नाही त्यासाठी येईल.

'निसर्गरम्य'वर मात्र मी अडून बसतो. मी एम.ए.ला होतो तेव्हा वसतिगृहात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातला एक मुलगा होता. कुण्या दलालाने त्याला थंड हवेचं गाव म्हणून सांगितलं होतं. उतरला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. पाऊस नाही, नळाला पाणी दिवसाआड. ऊन त्याने सोसलं. आमच्याबरोबर बादल्या भरल्या, भाकरी खायला शिकला, चांगल्या गुणांनी पास झाला. पण धाकट्या भावाला त्याने इकडे पाठवलं नाही. "इथे काही वाईट नाही, पण मला खोटं सांगितलं होतं," एवढंच म्हणाला. आम्ही त्याला जीव लावला होता, तरी ती पहिली फसवणूक आम्हाला पुसता आली नाही.

म्हणून उन्हाळा, पाणी, निकालाला होणारा उशीर, सगळं आधी सांग. मग आपल्याकडचं सांग, आणि ते सांगताना दबकू नकोस.

अजिंठा आपल्या सोयगाव तालुक्यात आहे, हे तिथे कितीजणांना ठाऊक असेल? १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात ही लेणी दिसली, तेव्हापासून जगभरचे अभ्यासक वाघूर नदीच्या काठी येतायत. मिशिगनचे वॉल्टर स्पिंक यांनी तर आयुष्याची कितीतरी दशकं या तीस लेण्यांना दिली. हायडेलबर्गची मुलं पद्मपाणी पुस्तकात पाहतात. तू पहिल्या लेण्यात उभं राहून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबून पाहिलास. तुझ्या संभाजीनगरच्या खोलीपासून शंभरेक किलोमीटर, एक एसटी. विद्यापीठाच्या मागच्याच डोंगरात औरंगाबाद लेणी. इतिहास शिकणाऱ्याला याहून काय हवं? किती रविवारी गेलीस आणि काय पाहिलंस, ते तुझ्या शब्दांत सांग.

नामांतराविषयी कुणी विचारलं तर विषय बदलू नकोस. विद्यापीठ १९५८ चं. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती. १९७८ साली विधिमंडळाने बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसं मारली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. माझ्या पदवीवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे, तुझ्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव आहे. या दोन कागदांच्या मधे सोळा वर्षांचा लढा आहे. समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलाला हे लपवून तू काय दाखवणार? त्या लढ्यातली माणसं अजून आहेत, बोलतात. ती मुलं त्यांना भेटू शकतील.

आणि मिलिंद कॉलेज. हे मात्र सगळ्यांना सांग, कारण ते थेट त्यांच्यासाठी आहे. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९५० साली, उच्च शिक्षणाची जेमतेम सोय असलेल्या या भागात कॉलेज काढलं. त्याला नाव कुणाचं दिलं? मिनँडर या ग्रीक राजाचं, जो पाली ग्रंथात मिलिंद झाला. परिसराला नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा परका राजा आणि उत्तरं देणारा इथला भिक्षू नागसेन. त्या ग्रंथात तो आधीच अट घालतो, की बोलणं पंडितांच्या रीतीने व्हावं, राजांच्या नव्हे. पंडिताची चूक दाखवली तर तो रागावत नाही, राजा शिक्षा करतो. टेबलामागे बसशील तेव्हा तू नागसेनाच्या जागी आहेस. कुणी जातीवरून, मुलींच्या सुरक्षिततेवरून, प्रयोगशाळांवरून खोचक विचारलं तरी रागावू नकोस. आपल्या देशाची वकिली करायला गेल्यासारखी बोलू नकोस. माहीत नसेल तिथे 'विचारून कळवते' म्हण, आणि खरोखर कळव.

कामाचंही लिहितो. इथले गुण तिकडे धरले जातील का, हे दोन्ही विद्यापीठांकडून लेखी घे. 'होऊन जाईल' असं कुणाला म्हणू नकोस. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिकांची नोंदणी लागते. पूर्ण सत्र नको असणाऱ्यांनी आधी नुसतं पाहून जावं. तुमची व्याख्यानं फेब्रुवारीत संपतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत सुट्टी असते ना? ऊन तापायच्या आत फेब्रुवारीतच या म्हणावं. किंवा ऑगस्टमध्ये, सातकुंडाचा धबधबा चालू असताना.

कुणी येणारच असेल तर तारीख आधी कळव. मी फर्दापूरच्या थांब्यावर उभा राहीन. मामी कळण्याची भाकरी आणि भरीत करेल. तिखट कमी घालायला तिला आत्तापासून सांगून ठेवलंय. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते म्हणे, ती कशी कळवायची ते मी उद्याच पोलीस ठाण्यात विचारून येतो.

तुझा,
मामा