बाळाचा लोहाचा साठा आईच्या पोटातच भरतो

रोवणीच्या दिवसांत धानोरा तालुक्यात गरोदर बायाही चिखलात वाकून काम करतात. दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, दिवस गेले की असे होतेच. आम्हाला हे पटत नाही. बहुतेक वेळा ही अंगात रक्त कमी असल्याची खूण असते. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय समजावा. 7 च्या खाली गेले तर घरी थांबू नये, दवाखाना गाठावा. अशा बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

बाळाचे नुकसान लगेच दिसत नाही. पहिल्या सहा महिन्यांत लागणारे बरेचसे लोह बाळ जन्मापूर्वीच, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आईकडून घेऊन साठवते. आईच्या अंगात लोह फारच कमी असेल किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मले, तर हा साठा अपुरा राहतो. बाळ जन्मतः गुलाबी दिसते, पण पुढे काही महिन्यांत ते फिके पडते आणि मेंदूच्या वाढीलाही फटका बसतो. म्हणून सातव्या महिन्यानंतर 'आता झालेच की' म्हणून गोळी सोडणे सर्वांत वाईट.

सरकारी दवाखान्यातील लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अॅसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्यायची. शौच काळी होते, त्याला भिऊ नये. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. गोळीने बाळ काळे होते किंवा फार मोठे होऊन अडते, हे खरे नाही. चहासोबत मात्र गोळी घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा लागू देतो, आणि आवळा तर आपल्या जंगलातलाच. अंडी, मासे, मटण, कलेजी परवडेल तेव्हा खावे. पालेभाज्या, डाळी, चणे रोज. आणि गरोदर बाईने सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवायचे ही रीत बौद्ध घरात तरी नको.

अनवाणी चिखलात वावरल्याने आकडीकृमी अंगात शिरतात आणि आतड्यातून रक्त शोषतात. जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर आशाताईंना विचारून घ्यावी. मलेरियाही रक्त तोडतो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, मच्छरदाणीत झोपा.

पोटात बाळ असताना विश्रांती हवी, हे बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात मांडले. कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. निदान शेवटच्या दोन-तीन महिन्यांत रोवणी आणि डोक्यावरचे ओझे घरच्या इतरांनी उचलावे.

जन्मानंतर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबले, तर बाळाला वारेतले आणखी रक्त, म्हणजेच लोह मिळते. बाळंतपणाआधी नर्सताईंना हे जरूर विचारा. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, नंतर वरचे अन्न आणि आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध. कमी वजनाच्या बाळाला ते आधीच लागते. केव्हापासून, ते डॉक्टर सांगतात.

आता सिकलसेलचे. हा फक्त आदिवासींचा आजार नाही. विदर्भात तो आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे, आणि लपवण्याने वाढतो. गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या. वाहक बाईला ('एएस') लाल गोळी चालते, तिने ती घ्यावीच. रुग्ण ('एसएस') असेल तर लोह द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील, कारण वारंवार रक्त चढवल्याने अंगात लोह साचते. फॉलिक अॅसिड मात्र तिला लागतेच. बाई वाहक निघाली तर नवऱ्याचीही तपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक शक्यता बाळ आजारी असण्याची असते, आणि ते आधी कळले तर बाळाची तपासणी जन्मताच करता येते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी नवऱ्यानेही सोबत जावे.